डावीकडच्या पाट्या

नाही नाही, गाडीत काही बिघाड नाही, गाडीला नाव ठेवायला जागाच नाही — मीच थांबवली, जरा दोन मिनिटं. इथं या भिंतीकडेला कुणाला अडचण नाही. तुम्ही बसा निवांत, पट्टा सोडलात तरी चालेल. मला फक्त एक सांगा — मघाशी पुलावरून उतरताना तुम्ही म्हणालात ना, बघितलंत, दिवा लागला? आणि मी म्हटलं, हो, झकास. मग त्या चौकात परत विचारलंत, आत्ता वळताना तिसऱ्यांदा, आणि मी दर वेळी हो म्हटलं. तर तो दिवा — नेमका कुठं लागतो तो? आरशात. डाव्या आरशात. म्हणजे त्या तिथं, तुमच्या पलीकडे, दाराच्या बाहेर. असं होय. आणि आवाज? आवाज करत असेल की काहीतरी, टिंग, टुंग — नाही? वळायचा सिग्नल दिलेला असेल तरच. आणि गाडी ठरावीक वेगाच्या वर असेल तरच. आणि सायकल? सायकलची खात्री देता येत नाही. बरं. बरं बरं. नाही, काही नाही, सहज विचारलं.

सहज म्हणजे — आता मला जाऊन साहेबांना सांगायचंय ना. ते तिकडे तुमच्या काचेच्या खोलीत बसलेत, शेजारी चिमणी — त्यांची मुलगी, सात वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून आज हट्टानं आली. कागद तयार आहेत. मी जाऊन 'घ्या' म्हणायचा अवकाश, की साहेब सही करणार. तुम्हाला गंमत वाटत असेल, एवढा खोक्यांचा कारखाना चालवणारा माणूस आणि गाडी घेताना ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो. पण आमचं असंच आहे. एकोणीस वर्षं झाली मला त्यांच्याकडे, त्यांचं लग्न व्हायच्या आधीपासून. मला अहो-जाहो करतात ते. त्यांचे वडील होते तेव्हा एक गाडी घ्यायला निघाले होते, मी बॉनेटला कान लावला आणि म्हटलं, ही नको, हिचं तिसरं सिलिंडर रडतंय — आणि ज्यानं ती गाडी घेतली त्याला आठ महिन्यांत इंजिन उघडावं लागलं. तेव्हापासून घरात कायदाच झाला, गाडी डॉक्टर सांगेल ती. डॉक्टर म्हणजे मी. गल्लीत याच नावानं ओळखतात मला. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की रविवारी मला उचलून नेतात, मी डोळे मिटून उभा राहतो, एकदा रेस करायला लावतो आणि सांगतो. डोळे मिटूनच ऐकतो मी, पहिल्यापासून सवय आहे. कान अजून तसेच आहेत, बरं का. तुम्ही मघापासून खिशात किल्ल्यांचा जुडगा चाळवताय, त्यातली एक किल्ली पितळेची आहे. आहे ना? असू दे, काढू नका.

तर ही वही. तीन महिने हे चाललंय आमचं. तीन गाड्या — एक ती सात जणांची मोठी, एक ती मधली, रस्त्यावर दर चौथी दिसते ती, आणि एक ही तुमची, छोटी पण मानाची. साहेब म्हणाले, तिन्ही चालवा, लिहून काढा, पण आधी घराला काय लागतं ते ठरवा आणि मग गाडी ठरवा, उलटं नको. शहाणा माणूस आहे. म्हणून मी आधी घराला काय लागतं ते लिहिलं — वाचा, तुम्हीच वाचा, मला इथं उजेड कमी पडतो. मागे तिघं नीट बसली पाहिजेत. डिकीत नमुन्याची खोकी मावली पाहिजेत, न दुमडता. सर्व्हिस जवळ पाहिजे. टायर कुठंही मिळाला पाहिजे. खड्ड्यात पाठ दुखता कामा नये. आता तुम्हाला वाईट वाटेल, पण यातल्या चार गोष्टींत ती मधली गाडी तुमच्या गाडीला मागे टाकते. हिच्यात मागे मधल्या माणसाच्या पायाशी हा एवढा उंचवटा, तो बिचारा गुडघे कानाशी घेऊन बसणार. डिकीत खोकी आडवी जात नाहीत, मी मागच्या खेपेला मापून बघितलं, चार बोटं कमी पडतात. स्टेपनी बारकी, बघून हसूच येतं. आणि सर्व्हिसला जायचं गावाच्या त्या टोकाला, अख्खा दिवस मोडून. ती मधली आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दुरुस्त होते, चहा संपेपर्यंत.

आणि ही कशात पुढे? तर सुखात. ते मान्य आहे, खोटं कशाला बोलू — खड्डा कळत नाही, सीट पाठीला कशी धरून ठेवते, दार लावलं की मऊ धप्प होतं आणि बाहेरचं जग संपलं. आत आवाज म्हणून नाही. मला पहिल्या दिवशी तेच फार आवडलं होतं. आणि नाकावरचं ते चिन्ह — बाईसाहेबांना ते चिन्ह हवंय, साहेबांना नकोय. साहेब म्हणतात, मला खोकी विकायचीत, मिरवायचं नाहीये. म्हणजे घरात एक मत इकडे, एक मत तिकडे, आणि तिसरं माझं. आणि मी लिहिलं — ही घ्या. शेवटच्या पानावर आहे बघा, खाली दोन रेघा मारल्यात.

का म्हणजे — हेच. तुम्हीसुद्धा विचारलंत. वही वाचणारा कुणीही विचारेल, अहो, वर चार गोष्टी त्या गाडीच्या बाजूनं आणि खाली नाव हिचं, हे कसं? साहेबांनी नाही विचारलं. मी म्हटलं, साहेब, ही जास्त टिकेल. खोटं. म्हटलं, खोकी जरा कलती ठेवली की बसतील. तेही खोटं. एकोणीस वर्षांत गाडीबद्दल मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो, भाऊ. आणि साहेबांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'तुम्ही म्हणताय ना, मग झालं.' पान उलटूनसुद्धा बघितलं नाही. खोदून खोदून विचारलं असतं, रागावले असते, तर फार बरं झालं असतं.

मला तो दिवा हवा होता. म्हणजे दिवा नव्हे — मला दिवा आहे हे कुठं ठाऊक होतं. विमानतळावर थांबलो होतो एकदा, तिथं एक ड्रायव्हर भेटला, त्याच्या मालकाकडे हीच गाडी. तो म्हणाला, हिच्या कडेला, मागच्या अंगाला कुणी आलं की ही आपणहून सावध करते. तुमच्या त्या गुळगुळीत पुस्तकातही तेच लिहिलंय. आता ज्याचं सगळं आयुष्य कानावर चाललं, त्याला सावध करणं म्हणजे आवाजच वाटणार ना — दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही माझ्या. दोन वेळा चालवली आधी, दोन्ही वेळा रस्ता मोकळा, मी म्हटलं कुणी आलंच नसेल बाजूला, म्हणून गप्प आहे बिचारी. आणि आज तुम्ही म्हणता, दिवा लागला. तीनदा लागला. आणि मी तीनदा हो म्हटलं. डॉक्टर म्हणवून घेतो आणि रोग्याला जीभ आहे की नाही तेवढंही तपासलं नाही.

ऐका, हे या गाडीतच राहू द्या. माझा डावा डोळा गेलाय. गेलाय म्हणजे आहे, बघा, उघडा आहे, धूळ गेली की पाणी येतं त्याला, सगळं होतं — फक्त दिसत नाही. उजव्यालाही कडेनं अंधार धरलाय, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतला दाब वाढलाय, लवकर यायला हवं होतं, गेलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं सांभाळू. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. आणि दुखत नाही हो — दुखलं असतं तर माणूस आधी गेला असता ना डॉक्टरकडे. किती दिवस? दोन वर्षं. लायसन्स? ते झालं की गेल्या वर्षी. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एकेक डोळा झाकायचा आणि वाचायचं. माझ्यापुढे नऊ माणसं होती. नऊ वेळा तो तक्ता मी कानांनी ऐकला आणि दहाव्या वेळी घडाघडा म्हणून दाखवला. तपासणारा म्हणाला, वा, या वयात! मी बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो.

अहो, घाबरू नका, मान वळवली की दिसतं मला. पण तिकडे वळवली की समोरचं जातं ना. हीच तर सगळी रड आहे. पहिल्यांदा फाटकाच्या खांबाला घासली गाडी, डाव्या अंगानं. मी म्हटलं, फाटक अरुंद आहे. एकोणीस वर्षं त्याच फाटकातून काढतोय आणि आता ते अरुंद झालं — नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. महिन्याभरात परत घासली. साहेबांनी काय केलं असेल? गवंडी बोलावला आणि खांब वीतभर मागे घेतला. खांब मागे घेतला, भाऊ.

कळलं ते फक्त मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे साहेबांच्या आई. त्यांचं बोलणं फार मोजकं. सतरा वर्षं मागच्या सीटवर बसल्या, 'चल' आणि 'थांब' याखेरीज तिसरा शब्द नाही. एकदा गाडीत बसायच्या आधी खोकल्याची गोळी शोधायला म्हणून त्यांनी पुढचं दार उघडून हा असा कप्पा उघडला, आणि फडक्यात गुंडाळलेली माझी थेंबांची बाटली हातात आली. नाव वाचलं. त्यांच्या यजमानांना तेच थेंब होते शेवटची काही वर्षं, त्यांना काय सांगायला लागतंय. परत गुंडाळली, ठेवली, गोळी तोंडात टाकली. मी मनात म्हटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पुढे येऊन बसल्या — तुम्ही बसलाय तिथंच. म्हणाल्या, मागे मळमळतं. आणि वाचायला लागल्या. 'शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल.' 'दातांचा दवाखाना.' 'सायकलवाला.' 'येथे कचरा टाकू नये.' 'लाल फ्रॉकवाली पोर, आईचा हात सोडलाय तिनं.' 'ताजी फुले.' सगळं एका सुरात, पेपर वाचावा तसं. मी घरी बायकोला म्हटलं, मोठ्या बाईंचं वय झालं गं, आयुष्यभर बोलल्या नाहीत त्याची कसर काढतायत. पंधरा दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला — बाई फक्त डावीकडचंच वाचतात.

त्या दिवशी मी गाडी अशीच कडेला घेतली होती. मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, 'तुला काढलं तर मला घरात बसून राहावं लागेल. सून मला दवाखान्यात नेईल, तू मला तळ्यावर नेतोस. स्वार्थ आहे माझा. तू पुढे बघ, बाकीचं मी बघते.' तळ्यावर म्हणजे दर बुधवारी, त्यांची शाळेतली एक मैत्रीण यायची, दोघी बाकावर बसायच्या, एक जण बोलायची आणि आमच्या बाई ऐकायच्या. मी लांब उभा. चूक होतं हो ते, कळतं मला. एका डोळ्यानं गाडी हाकणारा मी आणि शहात्तर वर्षांच्या त्या — दोघांत मिळून एक धड ड्रायव्हर. पण दीड वर्ष एक ओरखडासुद्धा नाही, हे पण खरं. लोक म्हणायचे, डॉक्टर, अजून हात कसा साफ आहे तुमचा. मी आपला हसायचो.

चार महिने झाले त्यांना जाऊन. झोपेतच गेल्या, त्रास दिला नाही कुणाला. साहेबांनी मला धरून रडून घेतलं, आणि मी रडत होतो ते कशाकशासाठी रडत होतो हे माझं मलाच ठाऊक. माणूस किती नीच असतो बघा — अजून त्यांना घरातून नेलंही नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, आता उद्या शाळेत पोरीला कसं सोडायचं.

सोडलं की. सोडलं आणि काय — सकाळी चिमणी मागे बसली, डाव्या खिडकीशी, आणि गाडी फाटकाबाहेर पडल्या पडल्या सुरू झाली. 'शि-ला-ई म-शी-न.' नुकतं जोडाक्षरं वाचायला लागलेली पोर. 'दुरु-स्त. काका, एक कुत्रा. दातांचा दवा-खाना.' मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, आजीचा खेळ आहे. डावीकडचं काकांना वाचून दाखवायचं आणि घरी कुणाला सांगायचं नाही. मी समजलो, हिला वाटतंय काकांना वाचता येत नाही. आणि तसंच वाटत होतं तिला — दोन दिवसांनी तिनं तिचं जुनं अंकलिपीचं पुस्तक आणून दिलं मला. म्हणाली, काका, लाजायचं नाही, मला पण आधी येत नव्हतं. अजून आहे ते पुस्तक माझ्याकडे. इतका हसलो मी तेव्हा. म्हटलं चला, पोर वाचतेय, तिचाही अभ्यास होतोय, माझंही भागतंय. असं मनाला समजावता येतं बघा, काहीही समजावता येतं.

मग ते झालं. अकरा दिवस झाले आज. शाळेतून परत येताना चिमणीच्या अंगात जरा कसर होती, आल्याबरोबर खिडकीला डोकं टेकून झोपली. मला कळायला हवं होतं, पाट्या बंद झाल्या म्हणजे थांबायला हवं. पण म्हटलं पोरीला बरं नाही, लवकर घरी नेऊ. शाळेच्या गल्लीतून डावीकडे वळलो आणि घंटी ऐकली. सायकलची, एकदाच, अर्धीच वाजली. जुनी गाडी आमची, दाराच्या रबरी पट्ट्या गेलेल्या, वारा आत येतो, म्हणून ऐकू आली. असा ब्रेक मारला की — सायकलचं पुढचं चाक आमच्या बंपरखाली. माणूस उडी मारून बाजूला झाला, कोपर सोलवटलं, एवढंच. मला शिव्या घातल्या, घालू दे. मी हात जोडले. परत येऊन बसलो आणि मागून चिमणीचा आवाज आला. 'सॉरी काका. मी झोपले.'

म्हणजे तिला ठाऊक होतं. पुस्तक दिलं तेव्हा नसेल ठाऊक, पण तेव्हापासून कधीतरी कळलं तिला, आणि बोलली नाही. आजीवर गेली. सात वर्षांची पोर मला सॉरी म्हणते, भाऊ. माझ्या चुकीबद्दल. मी काय करायला हवं होतं त्या दिवशी? घरी जाऊन साहेबांच्या समोर किल्ली ठेवायला हवी होती. मी काय केलं? मी तिला म्हटलं, चिमणे, आता थोडेच दिवस. आपण नवी गाडी घेणार आहोत ना, ती सगळं आपणहून सांगते, मग तू खुशाल झोप. आणि घरी जाऊन वही काढली आणि शेवटच्या पानावर दोन रेघा मारल्या.

सोडा म्हणता? नोकरी सोडायची — सोडायला काय, मुलगा मिळवता आहे, दोन घास घालेल, बायको म्हणेल बरं झालं, घरी बसा. गाडीवाचून मला दुसरं काही येत नाही हे खरं, पण ते नाही. पोटाचं नाही हो हे. मी किल्ली ठेवली की साहेब विचारणार ना, का? आणि मी सांगितलं की ते मागे मोजणार. दोन वर्षं. रोज सकाळी, रोज दुपारी, त्यांची एकुलती एक पोर माझ्या मागच्या सीटवर. प्रत्येक दिवस मोजणार, सुट्टीचे तेवढे सोडून. ज्या माणसानं माझ्यासाठी खांब हलवला त्याच्या तोंडाकडे मी तेव्हा कसं बघू? आणि बाईंचंही नाव येणार त्यात. आईनं आपल्या नातीला हे करायला शिकवलं, हे त्यांना मी सांगू? गेलेल्या माणसाबद्दल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खोटं कारण देऊन गेलो — पाठ दुखते म्हणून, गावी जायचंय म्हणून — तर चिमणीला वाटणार, ती झोपली म्हणून काका गेले. तिला दुसरं काय वाटणार? सांगा ना.

जाऊ द्या. तुमचं काम गाडी विकणं.

थांबा, फोन. साहेबच. हां साहेब. हो, झालंच, निघालोच. नाही, गाडी उत्तम आहे. काही नाही, जरा तपासत होतो. समोर आल्यावर बोलतो ना. हो. हो, द्या तिला. काय गं? बघितली की. छान आहे, सीट मऊ आहे. ते — ते आल्यावर सांगतो. अगं, वाचते की नाही ते असं फोनवर कसं सांगू. आल्यावर. तू आतच बस हं, बाहेर रस्त्यावर येऊ नको. ठेव.

गाडी पाट्या वाचते का, विचारतेय.

असं करा, उतरा. इकडून या, तुम्ही चालवा. नाही, बरा आहे मी, नुसता बसतो. या. अरे हो, सीट मागेपुढे करायचं बटण त्या बाजूला, घ्या करून. चला. सावकाश. गंमत बघा, एकोणीस वर्षांत या बाजूला मी पहिल्यांदा बसलोय. इथून कसं दिसतं सगळं — म्हणजे, इथून कसं दिसत असेल. बाई इथं बसून कशी मांडीवर पिशवी धरायच्या, अशी, दोन्ही हातांनी. थांबा हं, मीही वाचून बघतो, तुमच्यासाठी. मान वळवली की दिसतं म्हटलं ना. 'घड्याळे' — घड्याळे दुरुस्त — गेली. पुढची. 'आमची कोठेही' — गेली. फार पळतायत हो. त्या कशा वाचत होत्या कोण जाणे. एक तर इतकं गप्प आहे आत की गाडी चालतेय की उभी आहे तेही कळत नाही. बाहेर हॉर्न वाजत असतील ना? तुम्हाला येतोय का ऐकू? मला वाटलं आज रस्ताच शांत आहे. तुम्ही जोरात बोला, असा विचित्र वाटतो इतका शांतपणा, कानात कुणी कापूस घातल्यासारखा.

आलं का? हे तुमचं शोरूम. साहेब पायरीवर उभेत, हो, दिसले, समोरच आहेत. हातात कागद आहेत का त्यांच्या? आहेत. आणि ते असे हसतायत कुणाकडे? चिमणी कुठाय? आतच असेल, मी सांगितलंय तिला बाहेर येऊ नको म्हणून. थांबवा, इथंच थांबवा. काय? कोण हात करतंय? कुठं? माझ्याकडे काय बोट दाखवताय?

इथं? माझ्या काचेशी?

कधीपासून उभी आहे ही? आणि — तोंड हलतंय तिचं. ओरडतेय का? हाका मारतेय मला? तुम्हालाही नाही आलं ऐकू? नाही, तुमचं सोडा. मला ऐकू आलं नाही. एवढी हातभर लांब, आणि मला ऐकू आलं नाही.

ही काच खाली कशी होते हो. कुठलं बटण. असू दे, मी बघतो. तुम्ही उतरा. व्हा पुढे. साहेबांना म्हणावं गाडी चांगली आहे, गाडीचा काही दोष नाही, पण सही करू नका, आधी डॉक्टरशी बोला. नाही, बाकीचं तुम्ही नका सांगू. ते मी. जा तुम्ही.